स्पेनचे माहितीपट : घर, राजकारण आणि न बोललेला इतिहास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आम्ही काही जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून स्पेनमधले माहितीपट पाहतो. पाहून झाल्यावर चहाबरोबर गप्पा सुरू होतात, आणि घरी गेल्यावरही लोकांचे प्रश्न येत राहतात. तेच तेच प्रश्न पुन्हा यायला लागले, तेव्हा एकदाच नीट लिहून ठेवावं असं वाटलं. फिल्मची नावं मूळ उच्चारात दिली आहेत, शेजारी मराठी अर्थ आहे. हे अर्थ मी केलेले आहेत.

१. स्पेनच्या इतिहासाची काहीच माहिती नाही. आधी किती वाचावं लागेल?

फार नाही. चार-पाच तारखा लक्षात ठेवल्या तरी बहुतेक फिल्म समजतात. १४ एप्रिल १९३१ ला राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं. जुलै १९३६ मध्ये सैन्यातल्या एका गटाने सरकारविरुद्ध उठाव केला आणि यादवी पेटली. १ एप्रिल १९३९ ला ती जनरल फ्रँकोच्या विजयाने संपली. २० नोव्हेंबर १९७५ ला फ्रँको वारला. तो सत्तेवर असतानाच, अंथरुणात. डिसेंबर १९७८ मध्ये लोकांनी नव्या लोकशाही राज्यघटनेला कौल दिला.

१९३९ ते १९७५ या फ्रँकोच्या हुकूमशाहीच्या छत्तीस वर्षांत दीड पिढी जन्मली, शिकली, लग्नं करून संसाराला लागली. त्या काळात घरात काय बोललं गेलं आणि काय गिळलं गेलं, हाच यातल्या बऱ्याच माहितीपटांचा विषय आहे.

२. सुरुवात कुठून करू? पहिल्याच दिवशी सामूहिक कबरी बघवणार नाहीत.

मग गुस्तावो साल्मेरॉनच्या 'मुचोस इखोस, उन मोनो इ उन कास्तियो' (पुष्कळ मुलं, एक माकड आणि एक किल्ला, २०१७) पासून करा. दिग्दर्शकाने स्वतःच्या आईवर, खुलितावर, चौदा वर्षं चित्रण करून ती बनवली. लग्न झालं तेव्हा या बाईंच्या तीन इच्छा होत्या, त्या फिल्मच्या नावातच आहेत. तिन्ही पूर्ण झाल्या. सहा मुलं झाली, माकड आणलं, वारशाचे पैसे हाती आल्यावर खरोखरचा किल्लाही घेतला. २००८ नंतरच्या मंदीत तो हातचा गेला.

किल्ला रिकामा करताना बाईंनी आयुष्यभर जपलेल्या डब्यांचे आणि खोक्यांचे ढीग बाहेर येतात. त्यांतच कुठेतरी यादवीत मारल्या गेलेल्या पणजीचा मणका ठेवलेला आहे, आणि सगळं घर तो शोधायला लागतं. आमच्याकडे सगळे हसत होते. 'मणका' हा शब्द आला आणि खोली एकदम शांत झाली. इतिहास त्या घरात असा डब्यात ठेवलेला होता. या फिल्मला २०१८ मध्ये उत्कृष्ट माहितीपटाचा गोया पुरस्कार मिळाला. गोया हे स्पेनमधले सर्वांत मानाचे चित्रपट पुरस्कार.

त्यानंतर प्रश्न ७ मधली फिल्म बघा, मग प्रश्न ३ मधली.

३. 'एल देसेन्कान्तो'मध्ये एक आई आणि तीन मुलगे नुसते बोलत बसतात. तिला एवढं मोठं का मानतात?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि मला तो आवडतो, कारण पहिल्यांदा पाहताना मीही अर्ध्यात घड्याळ बघितलं होतं.

लेओपोल्दो पानेरो हा फ्रँकोच्या राजवटीत मानमरातब मिळालेला कवी. १९६२ मध्ये वारला. बारा वर्षांनी त्याच्या गावी, लेओन प्रांतातल्या आस्तोर्गा इथे, त्याचा पुतळा उभा राहिला. त्या अनावरण समारंभापासून खायमे चावर्रीची ही कृष्णधवल फिल्म सुरू होते. भाषणं चालू असतात, आणि पुतळा कापडात गुंडाळलेला. मग कवीची विधवा फेलिसिदाद ब्लांक आणि तीन मुलगे, खुआन लुइस, लेओपोल्दो मारिया आणि मिची, बोलायला लागतात. बापाचं पिणं, त्याचा राग, घरातली थंड शांतता, कवितेत गायलेलं घर आणि खरं घर यांतलं अंतर. मधला मुलगा राजवटविरोधी कारवायांपायी तुरुंगात जाऊन आलेला, वेड्यांच्या इस्पितळातही राहिलेला. तो आईच्या समोर बसून तिला जाब विचारतो. आई आवाज चढवत नाही. तो प्रसंग मी चार वेळा पाहिला आहे, आणि दर वेळी माझी सहानुभूती बाजू बदलते.

आता साल बघा. फिल्म प्रदर्शित झाली १९७६ मध्ये. फ्रँकोला जाऊन वर्षही झालं नव्हतं. 'कुटुंब' हा त्या राजवटीचा पाया होता. बाप घराचा प्रमुख आणि फ्रँको देशाचा. विवाहित स्त्रीला साध्या कायदेशीर व्यवहारासाठीही नवऱ्याची परवानगी लागे. ती अट १९७५ मध्ये गेली, आणि घटस्फोटाचा कायदा आला १९८१ मध्ये. अशा देशात एका नामवंत घरातली मुलं पडद्यावर येऊन मेलेल्या बापाचा हिशेब मांडतात, तेव्हा प्रेक्षकाला दुसरा बापही दिसणारच. फिल्ममध्ये फ्रँकोवर भाष्य जवळजवळ नाही, आणि तरी मी तिला त्या काळातली सर्वांत राजकीय फिल्म मानतो. 'देसेन्कान्तो' म्हणजे भ्रमनिरास. फ्रँको गेल्यानंतरच्या वर्षांतल्या निराशेलाही पुढे हाच शब्द चिकटला.

१९९४ मध्ये रिकार्दो फ्रान्कोने (हुकूमशहाशी फक्त आडनावाचं साम्य) त्याच भावांवर पुन्हा फिल्म केली, 'देस्पुएस दे तान्तोस आन्योस' (इतक्या वर्षांनंतर). तेव्हा आई हयात नव्हती. दोन्ही एकाच आठवड्यात बघा.

४. एकाच घरात आईचं आडनाव वेगळं, मुलांचं वेगळं. कोण कोणाचं, हेच कळत नाही.

स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात. परंपरेने पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. म्हणून पानेरो भावांचं पूर्ण आडनाव 'पानेरो ब्लांक', आणि आई शेवटपर्यंत फेलिसिदाद ब्लांकच. कबरींचा शोध घेणाऱ्या फिल्ममध्ये ही पद्धत कामाला येते. जुन्या कागदावर दोन्ही आडनावं असली, की माणूस ओळखणं बरंच सोपं होतं.

५. फ्रँकोच्या काळात माहितीपट बनतच नव्हते का?

सरकारी बनत होते, आणि ते बघावेच लागत. १९४३ पासून 'नो-दो' नावाचं वृत्तचित्र सुरू झालं आणि मुख्य चित्रपटाआधी ते दाखवणं चित्रपटगृहांना सक्तीचं होतं. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनची न्यूजरील पडद्यावर यायची, ते ज्यांना आठवतं त्यांना हे लगेच समजेल. फरक एवढा, की स्पेनमध्ये त्या काळात दुसऱ्या बाजूची बातमी छापणारं वर्तमानपत्रही उघडपणे निघू शकत नव्हतं. धरणाचं उद्घाटन, फुटबॉल, फ्रँको मासेमारी करताना. हा सगळा संग्रह आज स्पेनच्या सरकारी दूरचित्रवाणीच्या संकेतस्थळावर मोफत बघता येतो. एखादी संध्याकाळ त्यात घालवा.

विरोधातला आवाज काढला बासिलिओ मार्तीन पातिनोने. 'कान्सिओनेस पारा देस्पुएस दे उना गेर्रा' (युद्धानंतरची गाणी) मध्ये त्याने चाळीसच्या दशकातली लोकप्रिय गाणी घेतली आणि त्यांवर जुनी दृश्यं जोडली. रेडिओवर प्रेमाचं गाणं, पडद्यावर रेशनची रांग. १९७१ मध्ये तयार झालेली फिल्म फ्रँको गेल्यावर, १९७६ मध्ये, लोकांपुढे आली. 'केरिदीसिमोस बेर्दुगोस' (परमप्रिय जल्लाद) त्याने लपूनछपून चित्रित केली. सरकारी नोकरीतले जल्लाद वाइन पीत आपल्या कामाबद्दल बोलतात, घरखर्चाबद्दल बोलतात. गळा आवळून मारण्याचं 'गार्रोते' हे यंत्र स्पेनमध्ये मार्च १९७४ पर्यंत वापरात होतं. ही फिल्म रात्री एकट्याने बघू नका.

६. 'विस्मरणाचा करार' हा शब्द सारखा येतो. असा खरंच कुठे सही झालेला करार आहे का?

भूतकाळ उकरायचा नाही, या अलिखित समजुतीला ते नाव पडलं. त्या नावाचा कागद नाही. कायदा मात्र आहे. ऑक्टोबर १९७७ मध्ये संसदेने सर्वमाफीचा कायदा केला. त्याने फ्रँकोच्या विरोधातले राजकीय कैदी सुटले. ही मागणी विरोधकांचीच होती आणि तिच्यासाठी लोक रस्त्यावर उतरले होते. पण त्याच कायद्याने राजवटीच्या अधिकाऱ्यांनी केलेल्या गुन्ह्यांवरही पडदा पडला. पुन्हा यादवी नको, ही भीती सगळ्यांच्याच मनात खरी होती. ती भीती खोटी ठरवण्याचा हक्क आपल्याला नाही, असं मला वाटतं.

घरांत तर करार केव्हाच झालेला होता. आई-बापांनी मुलांना सांगितलं नाही, मुलांनी विचारलं नाही. विचारलं ते नातवंडांनी. २००० साली प्रियारान्सा देल बिएर्सो या गावाजवळ रस्त्याच्या कडेची कबर उघडली गेली आणि तेरा जणांचे अवशेष निघाले. त्यासाठी पाठपुरावा करणारा पत्रकार त्यांतल्याच एकाचा नातू होता. डीएनएवरून ओळख पटली. हे गावही लेओन प्रांतातलंच, जिथे कवी पानेरोचा पुतळा उभा राहिला.

७. स्पेनमधल्या गुन्ह्यांचा खटला अर्जेंटिनात कसा काय चालतो?

'एल सिलेन्सिओ दे ओत्रोस' (इतरांचं मौन, २०१८) पाहिल्यावर हा प्रश्न येतोच. स्पेनमध्ये प्रश्न ६ मधल्या कायद्यामुळे दारं बंद. २००८ मध्ये न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांनी त्या गुन्ह्यांची चौकशी सुरू केली आणि आदेशात १,१४,२२६ बेपत्ता माणसांचा आकडा नोंदवला. पुढे त्या चौकशीवरून त्यांच्यावरच खटला चालला. त्यातून ते २०१२ मध्ये निर्दोष सुटले, पण चौकशी थांबली ती थांबलीच. मानवतेविरुद्धचे गुन्हे कोणत्याही देशाच्या न्यायालयात चालवता येतात, असं एक तत्त्व आहे. त्याच्याच आधारावर १९९८ मध्ये गार्सोन यांच्या आदेशावरून चिलीचा माजी हुकूमशहा पिनोचे याला लंडनमध्ये अटक झाली होती. तोच रस्ता उलटा वापरून १४ एप्रिल २०१० ला बुएनोस आयरेसमध्ये तक्रार दाखल झाली, आणि न्यायाधीश मारिया सेर्विनी यांनी ती पुढे नेली.

अल्मुदेना कारासेदो आणि रॉबर्ट बाहार यांनी सहा वर्षं या तक्रारदारांचा पाठलाग केला. एक म्हातारी हमरस्त्याच्या कडेला उभी राहते. तिच्या आईला मारून पुरलं त्यावरून आता तो रस्ता जातो. ती कठड्याला फुलं बांधते, शेजारून गाड्या वेगाने जात राहतात. दुसरी बाई अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी विमानाने अर्जेंटिनाला साक्ष द्यायला जाते. तिला बापाची हाडं मिळाली. पहिलीला आई मिळाली नाही, वाट पाहता पाहता ती गेली.

८. स्मृतिभ्रंशावर इतक्या स्पॅनिश फिल्म का आहेत?

'इतक्या' म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढे बहुतेक दोन असतात. दोन्हींना गोया मिळाला आहे.

'बुकारेस्त, ला मेमोरिया पेर्दिदा' (बुखारेस्ट, हरवलेली स्मृती, २००८) आल्बेर्ट सोलेने वडिलांवर केली. वडील म्हणजे जोर्दी सोले तूरा. कम्युनिस्ट, परागंदा, बुखारेस्टहून चालणाऱ्या गुप्त रेडिओवर काम केलेले आणि पुढे १९७८ च्या घटनेच्या सात शिल्पकारांपैकी एक. मुलाचा जन्मही बुखारेस्टचाच. तो बापाचं तरुणपण शोधायला निघतो, तेव्हा बापाला अल्झायमर झालेला आहे. ज्याने देशाला नवी घटना लिहून दिली, त्याला आपला भूतकाळ आठवत नाही.

दुसरी कार्लेस बोस्कची 'बिसिक्लेता, कुचारा, मान्साना' (सायकल, चमचा, सफरचंद, २०१०). १९९२ च्या ऑलिम्पिकच्या वेळी बार्सिलोनाचे महापौर असलेले पास्कुआल मारागाल यांनी २००७ मध्ये आपला आजार स्वतःच जाहीर केला. फिल्मचं नाव म्हणजे डॉक्टर स्मरणशक्ती तपासताना लक्षात ठेवायला सांगतात ते तीन शब्द. बायको, मुलं, औषधं, चिडचिड, हसणं, सगळं त्यात आहे. घरात असा रुग्ण असेल तर स्पेनचा विचारही न करता ही फिल्म बघा.

योगायोग म्हणून हे सोडून देता येईल. पण देश ठरवून विसरला होता आणि माणसं नाइलाजाने विसरत होती, हे दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. मुलांना घाई झाली ती त्यामुळेच.

९. या सगळ्या फिल्म एकाच बाजूच्या नाहीत का? प्रजासत्ताकवाल्यांनी कुणाला मारलं नाही?

मारलं. जवळजवळ सात हजार पाद्री, संन्यासी आणि नन यादवीत मारल्या गेल्या. १९३६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये माद्रिदच्या तुरुंगांतून दोन हजारांहून जास्त कैदी बाहेर काढून पाराकुएयोस परिसरात गोळ्या घातल्या गेल्या. हे नाकारणारी फिल्म मी कुणाला सुचवणार नाही.

फरक नंतरच्या वागणुकीत आहे. जिंकलेल्या बाजूने आपले मृत शोधले, पुरले, त्यांची नावं चर्चच्या भिंतींवर कोरली. हरलेल्यांचे रस्त्याकडेलाच राहिले. माहितीपट शोध घेतात तो जे सापडलं नाही त्याचा, म्हणून पारडं एका बाजूला झुकलेलं दिसतं. दोन्ही बाजू समोरासमोर ऐकायच्या असतील तर खायमे कामिनोची 'ला बिएखा मेमोरिया' (जुनी आठवण) आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने कम्युनिस्ट, अराज्यवादी, फॅसिस्ट फलांगे पक्षाचे, सगळ्यांना बोलतं केलं आणि एकाच्या बोलण्याला दुसऱ्याचं बोलणं जोडलं. एकाच दिवसाच्या दोन आठवणी कशा जुळत नाहीत, ते त्यात दिसतं.

१०. दिग्दर्शक लुइस बुन्युएलची 'लास उर्देस' खोटी आहे असं ऐकलं. मग तिला माहितीपट म्हणावं का?

म्हणावं, पण डोळे उघडे ठेवून. 'लास उर्देस', म्हणजेच 'तिएर्रा सिन पान' (भाकरीविना भूमी), ही १९३३ ची फिल्म एस्त्रेमादुरातल्या अतिशय गरीब डोंगराळ भागावर आहे. कड्यावरून बकरी 'पडते' त्या दृश्यात कडेला बंदुकीचा धूर दिसतो. मधमाश्यांनी मारलेल्या गाढवाचा प्रसंगही घडवून आणलेला आहे. ते जनावर खरोखर मेलं, आणि याची सफाई मी देणार नाही. गरिबी मात्र रचलेली नव्हती. १९२२ मध्ये राजाला स्वतः तिथे जावं लागलं होतं. निवेदकाचा आवाज मुद्दाम कोरडा, पर्यटन-चित्रपटासारखा ठेवला आहे, आणि त्यातूनच प्रेक्षक अस्वस्थ होतो.

पैसा आला तो रामोन आसीन या अराज्यवादी शिक्षक-चित्रकाराकडून. लॉटरी लागली तर फिल्मला पैसे देईन, असं तो म्हणाला होता. लॉटरी लागली आणि त्याने शब्द पाळला. फिल्मवर बंदी घातली ती फ्रँकोने नव्हे, प्रजासत्ताकाच्या सरकारने. हे विसरू नये. ऑगस्ट १९३६ मध्ये फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी उएस्का इथे आसीनला गोळ्या घातल्या, आणि त्याच महिन्यात त्याच्या बायकोलाही.

११. युद्ध सोडून साध्या माणसांवर काही?

मेर्सेदेस आल्बारेसची 'एल सिएलो खिरा' (आभाळ फिरतं, २००४). सोरिया प्रांतातलं आल्देआल्सेन्योर हे गाव, चौदा माणसं उरलेली, सगळी म्हातारी. दिग्दर्शिका त्या गावात जन्मलेलं शेवटचं मूल. कोकणातल्या कुलूपबंद घरांतून आलेल्या एका काकूंनी ही फिल्म पाहून काहीच म्हटलं नाही, फक्त पुन्हा लावायला सांगितलं.

आणि लुइस लोपेस कार्रास्कोची 'एल आन्यो देल देस्कुब्रिमिएन्तो' (शोधाचं वर्ष, २०२०). २०० मिनिटं, कार्ताखेनामधला एक बार, आणि पडद्यावर सतत दोन चौकटी. १९९२ मध्ये सेव्हिलचं जागतिक प्रदर्शन आणि बार्सिलोनाचं ऑलिम्पिक यांचा झगमगाट चालू असताना इथे कारखाने बंद पडत होते, आणि ३ फेब्रुवारीला प्रादेशिक विधानसभेला आग लागली. दोन चौकटींनी गोंधळू नका. एकात बोलणारा असतो, दुसऱ्यात ऐकणारा किंवा सिगारेट ओढणारा. पंधरा मिनिटांत डोळे सरावतात. मध्ये जेवणाची सुट्टी घेतली तरी चालेल.

१२. बास्क प्रश्नावरची 'ला पेलोता बास्का' इतकी वादग्रस्त का ठरली?

कारण खुलिओ मेदेमने २००३ मध्ये, स्वतंत्र बास्क देशासाठी लढणाऱ्या एता या सशस्त्र संघटनेचा हिंसाचार चालू असताना, सगळ्यांना शेजारी शेजारी बसवलं. एताच्या हातून नवरा गमावलेली बाई आणि कैद्याची दूरच्या तुरुंगापर्यंत खेपा घालणारी बायको, एकापाठोपाठ एक. तेव्हा सत्तेवर असलेल्या पक्षाने सहभाग नाकारला, एतानेही. बळी गेलेल्यांच्या संघटनेने हा समतोलच अन्यायाचा आहे, असं म्हटलं. एताने साडेआठशेच्या आसपास माणसं मारली. त्यांच्या घरच्यांचा तो राग मला समजतो. तरी फिल्म बघावी असंच माझं मत आहे. एताने २०११ मध्ये शस्त्रं थांबवली आणि २०१८ मध्ये संघटना विसर्जित केली, हे लक्षात ठेवून आज ती पाहिली की वेगळी दिसते.

१३. लोकशाही आल्यावर सेन्सॉर गेलं ना? मग 'रोसिओ'वर बंदी कशी आली?

सेन्सॉर १९७७ मध्ये गेलं. 'रोसिओ' (१९८०) न्यायालयाने अडवली. फेर्नान्दो रुइस बेर्गाराची ही फिल्म आंदालुसियातल्या आल्मोन्ते गावच्या मारियामातेच्या यात्रेवर आहे. आपल्या वारीसारखी लोटणारी गर्दी, बैलगाड्या, गाणी. पण मध्येच एक गावकरी १९३६ मध्ये गावात झालेल्या हत्यांबद्दल बोलतो आणि जबाबदार माणसाचं नाव घेतो. तो माणूस तोवर वारला होता. त्याच्या मुलांनी बापाच्या अब्रूसाठी दावा लावला. दिग्दर्शकाला शिक्षा झाली, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि ते भाग कापायला लावले. दिग्दर्शक पोर्तुगालला निघून गेला.

प्रश्न ३ मधली मुलं बापाविरुद्ध बोलतात, इथली बापासाठी लढतात. दोन्ही फिल्म चार वर्षांच्या अंतराने आल्या.

१४. आपला या सगळ्याशी काही संबंध?

आहे, थोडा पण खरा. जून १९३८ मध्ये नेहरू कृष्ण मेनन यांच्यासह बार्सिलोनाला गेले होते, बॉम्बहल्ले चालू असताना. डॉ. अटल यांनी प्रजासत्ताकाच्या बाजूने स्पेनमध्ये वैद्यकीय काम केलं. त्याच वर्षी चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाचे ते प्रमुख झाले. त्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. कोटणीस आपल्याला व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे ठाऊक असतात, पण त्यांचा प्रमुख स्पेनच्या रणांगणावरून आलेला होता हे फारसं सांगितलं जात नाही.

१५. या फिल्म बघून माझ्या आजीला कॅमेऱ्यापुढे बसवून फाळणी, दुष्काळ, गिरणी संप वगैरे विचारावंसं वाटतं. कसं करू?

मुलाखत म्हणून बसवू नका. खुलिताकडून शिका (प्रश्न २). आधी कपाट उघडा, वस्तू हातात द्या, आणि ती वस्तू कुणाची हे विचारा. पहिल्या दिवशी फक्त नावं आणि गावं लिहून घ्या. माहेरचं आडनाव नक्की, कारण आपल्याकडे तेच आधी पुसलं जातं. आजी गप्प झाली तर कॅमेरा चालू ठेवायचा की बंद करायचा, हे तिलाच विचारा. ती नको म्हणाली तर बंद करा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. घरातल्या दुसऱ्या कुणाबद्दल ती काही बोलली, तर तो भाग त्या माणसाला दाखवल्याशिवाय बाहेर कुणाला पाठवू नका.